एप्रिल आला की क्लॅरिनेट पिपाणीसारखं का वाजतं?

"काका, पुन्हा तेच होऊन राहिलं. आवाज पार पिपाणीसारखा येऊन राहिला. डार्क टोनचा माउथपीस घेऊन टाकू का?"

होळी होऊन दोन-तीन आठवडे झाले की असा एखादा फोन येतोच. कधी धरमपेठेतून, कधी सदरमधून, एकदा तर थेट काटोलहून. फोन करणाऱ्याने निदान आधीच केलेलं असतं आणि औषधही ठरवलेलं असतं. त्याला माझ्याकडून फक्त मॉडेलचं नाव हवं असतं. मी हसत नाही, कारण याच दुखण्यावर मी स्वतः तीन माउथपीस (क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग) घेतले आणि त्यातले दोन घ्यायची काही गरज नव्हती.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्याकडे यामाहाचा ४ सी होता, शिकाऊ क्लॅरिनेटबरोबर येतो तोच. मार्चपर्यंत आमच्या रविवारच्या ऑर्केस्ट्रात कुणाची तक्रार नव्हती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कीबोर्डवाला म्हणाला, "भाऊ, आज सनई आणली का?" सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येऊन झोप लागली नाही. जूनचा पगार झाल्यावर व्हँडोरेन कंपनीचा बी ४० मागवला. तो हातात पडला तेव्हा पाऊस लागला होता. खालच्या सुरांना असा घुमारा आला की जुलैभर मी भेटेल त्याला बी ४० चं कौतुक ऐकवत होतो. पुढच्या एप्रिलात तोच बी ४०, तोच मी आणि तीच पिपाणी. मग एम ३० घेतला. तोही जुलैतच आला, तोही छान वाजला आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही ओरडायला लागला. तेव्हा कुठे उजेड पडला. माउथपीस दरवेळी पावसाळ्यात येत होता, काम पाऊस करत होता आणि कौतुक माउथपीसचं होत होतं.

म्हणजे माउथपीसने फरक पडत नाही असं नाही. पडतो, चांगलाच पडतो, आणि गडद आवाजासाठी काय पाहून घ्यायचा तेही सांगतो. पण दरवर्षी ठरावीक महिन्यात परत येणारं दुखणं असेल तर माउथपीस हा शेवटचा संशयित आहे.

गडद म्हणजे नेमकं काय

तानपुरा किंवा सतार हाताळलेल्यांना एका शब्दात कळेल: जवारी. घोडीचा माथा कानशीने किंचित घासला की तीच तार, तोच सूर, पण आवाज खुला होतो नाहीतर बंद होतो. खुल्या जवारीत वरचे सहस्वर (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे बारीक सूर) झणझणतात, बंद जवारीत ते दबतात आणि मूळ सूर गोल ऐकू येतो. क्लॅरिनेटवाल्याचा 'ब्राइट' आणि 'डार्क' म्हणजे हेच. माउथपीसच्या आत आणि टोकाला जे घासकाम केलेलं असतं, ते घोडीच्या घासकामाचं चुलतभावंड आहे.

त्यातही क्लॅरिनेटचं अंग वेगळं. ही एका टोकाला बंद असल्यासारखी वागणारी सरळ नळी. बासरीत जोर लावला की सा चा वरचा सा होतो. क्लॅरिनेटमध्ये रजिस्टर की (वरच्या सुरांत नेणारी कळ) दाबली की सा चा थेट वरच्या सप्तकातला प होतो. खालच्या सप्तकात विषम क्रमांकाचे सहस्वर प्रबळ असतात, म्हणून तिथे तो लाकडी, पोकळ, खोल आवाज फुकट मिळतो. खालचे सूर सगळ्यांचेच गडद असतात. परीक्षा होते ती मधल्या आणि वरच्या सुरांत, म्हणून कुठलीही तुलना खर्जावर करू नका. दुकानात तरी नकोच. तिथे सगळे खालचा सूर लांबवतात आणि खूश होऊन पैसे देतात.

आधी रीड

नागपूरचा उन्हाळा रीडचा, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या, वाजताना थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पट्टीचा शत्रू आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश आणि हवेत ओल नावाला नाही. घरात कूलर. कूलरसमोर बसून रियाज करता तेव्हा खोलीतली हवा दमट असते, रीड फुगते, बरी वागते. तेच क्लॅरिनेट पेटीत घालून कार्यक्रमाला गेलात की तासाभरात रीड कोरडी ठणठणीत होते. एका दिवसात दोन ऋतू बघितलेल्या वेतापासून आणखी काय अपेक्षा करायची? टोक लहरी होतं, तळाचा सपाट भाग वाकतो आणि रीड माउथपीसच्या टेबलावर (रीड टेकते त्या सपाट भागावर) नीट बसत नाही. बारीकशा फटीतून हवा निसटते. कानाला ते फट म्हणून ऐकू येत नाही. आवाज पातळ झाला, एवढंच वाटतं.

पुढचा भाग आपण स्वतः बिघडवतो. कोरडी रीड कडक लागते, म्हणून आपण अडीच नंबर सोडून दोन नंबर लावतो. मऊ रीड वरचे सहस्वर जास्त सोडते, त्यामुळे आवाज आणखी उजळ होतो. वर सूर पडू नये म्हणून खालचा ओठ आवळतो. मऊ रीड आणि आवळलेला ओठ एकत्र आले की पिपाणी तयार. मी हे तीन उन्हाळे अगदी निष्ठेने केलं.

पाहायचं कसं? रीड पाण्यात भिजवून (तोंडातल्या तोंडात नाही, वाटीत, दोनेक मिनिटं) सपाट काचेवर ठेवा. टोकाला सुरकुती दिसली तर अंगठ्याने काचेवर हलकं दाबून ती बसते का बघा. मग पाठ तपासा. हार्डवेअरच्या दुकानात ६०० नंबरचा वॉटर पेपर मिळतो. तो काचेवर पालथा, म्हणजे कागदाची बाजू वर करून ठेवा आणि रीडची पाठ त्यावर चार-पाचदा फिरवा. जिथे चकाकी येईल तो भाग उंच. सगळीकडे सारखी चकाकी असेल तर रीड निर्दोष. दोन्ही कडांनाच चकाकी असेल तर मध्ये खड्डा आहे. तेव्हा पेपर सुलटा करून अगदी थोडं घासायचं, टोकाला हात न लावता.

मग चोखून बघायची परीक्षा, आणि माझ्या मते ही सगळ्यांत कामाची. रीड लिगेचरसकट (रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्यासकट) माउथपीसला लावा, माउथपीस बॅरलमधून (त्याच्या खालच्या छोट्या जोडनळीतून) काढा, खालचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि टोकाकडून हवा ओढून घ्या. रीड चिकटून राहिली पाहिजे आणि सेकंद-दोन सेकंदांनी 'टप्' आवाज करत सुटली पाहिजे. लगेच सुटली तर कुठूनतरी गळती आहे. तीन-चार रीड्सवर हाच प्रकार झाला तर मात्र दोष माउथपीसच्या टेबलात किंवा कडेत. एखादीच रीड नापास झाली तर दोष रीडचा. ही परीक्षा न करता माउथपीस मागवणारे लोक आहेत. मी त्यांच्यात होतो.

जपणुकीबद्दल एक गंमत. जुने बँडवाले पेटीत संत्र्याचं साल ठेवायचे, ओल राहावी म्हणून. लाकडी वाद्यांसाठी ही युक्ती आपल्याकडेच नाही, बाहेरही चालत आली आहे. नागपूरकराला याहून सोयीचं काय! पण दोन अडचणी आहेत. एक, सालाला बुरशी येते आणि ती रीडवर उतरते. दुसरी, मृग बहराची संत्री एप्रिलपर्यंत आटोपतात, म्हणजे मे अखेरीच्या नवतपात नेमकी गरज असते तेव्हा साल नाहीच. मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात रीड्स काचेच्या पट्टीवर बांधून ठेवतो आणि शेजारी औषधाच्या बाटलीच्या झाकणात ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा. दर दोन दिवसांनी तो धुऊन उन्हात वाळवायचा. जुलैत स्पंज काढून टाकतो, नाहीतर तिथेही बुरशी.

कृत्रिम रीड हाही मार्ग आहे. लेजेर कंपनीच्या रीड्स पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या असतात, त्यांना ओल-कोरड कळत नाही. मे महिन्याच्या लग्नात मी तीच लावतो. आवाजाला वेताची ऊब पूर्ण येत नाही, हे माझं मत. पण तडकलेल्या वेतापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

ओठ कुठे आहे?

एक साधा कागदाचा तुकडा घ्या. रीड लावलेल्या माउथपीसच्या टोकाकडून तो रीड आणि माउथपीस यांच्या मधून खाली सरकवा. जिथे अडेल तिथे रीडवर पेन्सिलीची बारीक खूण करा. तिथून रीड माउथपीसपासून दूर व्हायला लागते. खालचा ओठ साधारण तिथेच टेकला पाहिजे. बहुतेकांचा ओठ टोकाकडे सरकलेला असतो. मग रीडचा लहानसा तुकडाच थरथरतो आणि आवाज चिमटीत धरल्यासारखा येतो.

नवा माउथपीस घेतल्यावर हे पुन्हा करायला हवं, कारण प्रत्येकाच्या फेसिंगची (टोकापासून त्या खुणेपर्यंतच्या उताराची) लांबी वेगळी. जुन्या सवयीने लांब फेसिंगचा माउथपीस तोंडात कमी घेतला तर गडद म्हणून घेतलेली वस्तू आधीच्याहून पातळ वाजते. माझा एक विद्यार्थी असा महिनाभर वैतागला होता. पेन्सिलीची खूण दाखवली, दोन-तीन मिलिमीटर आत घ्यायला लावलं, पहिले दोन दिवस चिरकला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. या वेळी तक्रार नव्हती.

जिभेचंही सांगतो. गडद आवाजासाठी घसा उघडा, 'ऑ' म्हणा, असा सल्ला आपल्याकडे फार फिरतो. 'ऑ' म्हटलं की जीभ खाली बसते, सूर उतरतो आणि आवाज गडद होण्याऐवजी पसरतो, ओल्या गोणपाटासारखा. ओठ 'ऊ' चे ठेवा आणि जीभ 'ई' ची. मराठीत असा स्वर नाही, फ्रेंच-जर्मनमध्ये आहे, म्हणून सुरुवातीला आरशासमोर वेड्यासारखं वाटतं. पण या एका बदलाने मधल्या सुरांना जो गाभा येतो तो विकत मिळत नाही.

तुम्ही जे ऐकता ते बाकीचे ऐकत नाहीत

वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात, तिथून कंपनं हाडातून थेट कानात जातात. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज त्यामुळे खरखरीत आणि उजळ वाटतो. माउथपीसवर चिकटवायचा रबरी पॅच लावून बघा, ०.८ मिलिमीटरचा जाड पॅच लावला तर कित्येकांना माउथपीसच बदलल्याचा भास होतो. श्रोत्यांसाठी काहीच बदललेलं नसतं.

खात्री करायची तर फोन बारा-पंधरा फुटांवर ठेवून ध्वनिमुद्रण करा. कूलर बंद करून. (कूलर चालू ठेवलात तर कूलरचाच टोन गडद येतो.) यमनचा आरोह संथ लयीत, मग तोच एका सप्तकाने वर. दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नाही. माझ्या अनुभवात पिपाणीची तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांची समस्या इथेच मिटते, कारण फोनमध्ये आवाज बरा निघतो.

उरलेल्यांसाठी पुढचं.

आता माउथपीस

दुकानदार आणि विक्रीची पानं आधी टिप ओपनिंगचा आकडा सांगतात, म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यातलं अंतर. लोकांचा समज असा की आकडा मोठा तर आवाज गडद. व्हँडोरेनचे बी ४५ आणि बी ४० शेजारी ठेवा. दोघांचंही ओपनिंग ११९.५, म्हणजे १.१९५ मिलिमीटर. तरी बी ४० गोल वाजतो आणि बी ४५ मोकळा. फरक टोकाच्या पट्टीत, टिप रेलमध्ये आहे: बी ४० ची पट्टी रुंद. रुंद पट्टी रीडची चपळाई थोडी मारते आणि त्याबरोबर वरचे सहस्वरही. पट्टी अरुंद असेल तर सूर चटकन सुटतो, आवाज चकाकतो. तेव्हा आकड्यावरून गडदपणा ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. एम ३० चं ओपनिंग ११५ आहे, बी ४५ पेक्षा साडेचार शतांश मिलिमीटरने कमी. हा फरक केसाच्या जाडीएवढाही नाही.

टोकाच्या लगेच आत जो उतार असतो तो बॅफल. तो उंच असला, रीडला जवळ असला, की हवा जोरात सटकते आणि आवाज तिखट होतो. तो खोल किंवा किंचित खोलगट असेल तर वरचे सहस्वर मावळतात. त्यामागची पोकळी, चेंबर, मोठी असेल तर आवाज पोकळ आणि सावळा होतो. फार मोठी असेल तर सूर डळमळतात. या दोन गोष्टी कुठल्याच पाकिटावर आकड्यात छापलेल्या नसतात. माउथपीस उजेडाकडे धरून त्याच्या खिडकीतून, म्हणजे रीडखालच्या उघड्या भागातून, आत बघायचं. दोन वेगवेगळे शेजारी धरले तर पहिल्याच खेपेला फरक दिसतो.

टिप ओपनिंगचा संबंध रीडच्या नंबरशी आहे, आणि गडदपणा त्या मार्गाने येतो. ओपनिंग मोठं असेल तर मऊ रीड लावावी लागते. लहान असेल तर कडक रीड चालते, आणि कडक, जाड रीड गडद वाजते. जर्मन आणि त्याहून जास्त व्हिएन्नाच्या वादकांची परंपरा हीच: लांब फेसिंग, बारीक ओपनिंग, दणकट रीड. म्हणून माउथपीस आणि रीड ही जोडी म्हणून घ्या. व्हँडोरेनची निळ्या डब्यातली पारंपरिक रीड टोकाला ०.०९ आणि बुडाला २.८ मिलिमीटर जाड. व्ही १२ टोकाला ०.१० आणि बुडाला ३.१५. आहे त्याच माउथपीसवर निळी काढून त्याच नंबरची व्ही १२ लावली तर कित्येकांचं समाधान तिथेच होतं, आणि दहा रीड्सच्या डब्याला माउथपीसच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत.

माझी शिफारस विचाराल तर: ४ सी वरून पहिलं पाऊल टाकणाऱ्याने एम ३० आणि तीन नंबरची व्ही १२ बघावी. बी ४० ला अंगात वारा लागतो. छातीत दम असेल तर तो सुंदर आहे. ब्लॅक डायमंड मालिकेतला बी डी ५, ओपनिंग ११३, खास गडद आवाजासाठीच म्हणून निघालेला आहे आणि तो तसा आहेही. पण माझ्या कानाला तो बंद खोलीत जितका आवडतो तितका सभागृहात नाही. ५ आर व्ही चं ओपनिंग १०६.५, बारीक, शिस्तीत वाजवणाऱ्याला तो गडद आणि नेमका आवाज देतो, पण मींड काढणाऱ्याला तो कंजूस वाटेल.

मींडेचा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. परदेशी सल्ला बहुतेक सिंफनी वादकांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. त्यांना सूर ढळू द्यायचा नसतो, आपल्याला तो मुद्दाम ढळवायचा असतो. नाट्यपद किंवा भजन वाजवताना ओठाने सूर खाली ओढून पुन्हा वर आणायचा तर रीडला खेळायला जागा हवी. फार बारीक ओपनिंग आणि साडेतीन नंबरची रीड लावून मींड काढायचा प्रयत्न करा, गालफडं दुखतील. जाझवाल्यांसाठी ५ जे बी नावाचा माउथपीस आहे, ओपनिंग १४७. त्यावर सूर रबरासारखा ताणता येतो, पण गडदपणा विसरा. मी मधल्या आकड्यांवर थांबलो ते याच कारणाने.

साहित्याबद्दल फार वाद घालू नका. बहुतेक चांगले माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असतात. काचेचे असतात, लाकडाचे असतात. आवाज ठरतो तो आतल्या मापांवरून; एबोनाइटचा गुण असा की त्यावर ती मापं नीट कापता येतात आणि टिकतात. टिकतात म्हणजे नागपुरात जपलं तर. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेला माझा एक माउथपीस टेबलापाशी वाकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, चोखायच्या परीक्षेत मात्र एकही रीड टिकेना. तो आता पेपरवेट आहे. उन्हात राहिला तर एबोनाइट हिरवट-तपकिरी होतं आणि तोंडात गंधकाची चव येते. धुवायचा तर कोमट पाण्याने, गरम पाण्याने कधीच नाही. आत पांढरा खर जमला असेल तर पाणी घातलेल्या लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवून मऊ फडक्याने पुसा. टोकाला घासणी लावू नका. टोकाचा कपचा उडाला की चिरक कायमची.

हे सगळं नव्या वस्तूलाही लागू. ऑनलाइन घेतलेल्या एका 'नामांकित' माउथपीसच्या दोन बाजूंच्या कडा मला डोळ्यांना कमी-जास्त दिसत होत्या. विकणाऱ्याने परत घेतला नाही, फोनही उचलला नाही. तेव्हापासून माझा नियम असा: हातात घेऊन, स्वतःच्या तीन जुन्या, ओळखीच्या रीड्सवर वाजवून पाहता येत नसेल तर घ्यायचा नाही. नवा माउथपीस नव्या रीडवर तपासणं म्हणजे दोन अनोळखी माणसांपैकी खोटं कोण बोलतंय ते ओळखणं.

सूर चढतो त्याचं काय

उन्हाळ्याचा दुसरा घाव सुरावर पडतो आणि तो फिरून आवाजावर येतो. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटरवरून ३५५ मीटरवर जातो. गणिताने क्लॅरिनेट अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडं जास्त चढायला हवं. प्रत्यक्षात कमी चढतं, कारण नळीचा वरचा भाग आपल्या श्वासाने आधीच तापलेला असतो. पण चढतं. कीबोर्डला ऊन लागत नाही, तो ४४० हर्ट्झवरच बसलेला असतो. मग आपण बॅरल बाहेर ओढतो. त्याचा सगळ्यांत जास्त परिणाम घशातल्या सुरांवर (जी, ए आणि बी फ्लॅट) होतो. ते उतरतात, आणि त्यांना वर ढकलायला आपण पुन्हा ओठ आवळतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

व्हँडोरेनचे बरेचसे माउथपीस ४४२ धरून बनवलेले आहेत. '१३ सिरीज' असं लिहिलेले ४४० साठी. फरक आठेक सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), ऐकायला किरकोळ, पण नागपुरात मे महिन्यात तेवढी उसंतही पुरते. कीबोर्ड किंवा हार्मोनियमबरोबर वाजवत असाल तर १३ सिरीजच घ्या. मी हे न बघता बी ४० घेतला होता.

एक वेगळी केस सांगतो. एक जण आजोबांचं क्लॅरिनेट घेऊन आला. सुंदर लाकूड, साध्या जुन्या सिस्टिमचं, पण काही केल्या सुरात येईना आणि आवाज करकरीत. त्यावर एच. पी. अशी अक्षरं कोरलेली होती. हे हाय पिचचं वाद्य. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ४५२ च्या आसपास सूर लावायचे आणि त्या मापाची वाद्यं छावण्यांतून फिरत आपल्या बँडांत आली. जवळजवळ पाव स्वराचा फरक कुठलाही माउथपीस भरून काढत नाही. ते वाद्य भिंतीवर लावा, आजोबांची आठवण म्हणून जपा आणि वाजवायला दुसरं घ्या.

गडद आवाज नको तेव्हा

आमच्या ओळखीचे एक बँडमास्तर आहेत, नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षं वाजवणारे. मी त्यांना मोठ्या उत्साहाने एम ३० वाजवून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मस्त आहे. पण महाल भागात त्या गर्दीत, मागं ढोल अन् ट्रम्पेट, तिथं हा आवाज कोणाले ऐकू येईल?" खरं आहे. गडद म्हणजे वरचे सहस्वर कमी, आणि कोलाहलातून वाट काढतात ते वरचे सहस्वरच. त्यांचा साधा, मोठ्या ओपनिंगचा माउथपीस आणि मऊ रीड रस्त्यावर शंभर पावलांवर स्पष्ट ऐकू येते. वरातीत, मिरवणुकीत वाजवत असाल तर हा सगळा लेख विसरा आणि उजळ माउथपीस ठेवा. दोन्हीकडे वाजवत असाल तर दोन ठेवा. एकात दोन्ही कामं करणारा मला अजून भेटलेला नाही.

जे माउथपीसने सुटत नाही

हे सगळं केल्यावरही एक तक्रार उरते: घशातले सूर, म्हणजे वरच्या रजिस्टरमध्ये जायच्या आधीचे जी, ए आणि बी फ्लॅट. तिथे जवळजवळ सगळी नळी उघडी असते, घुमायला अंगच उरत नाही. त्यात बी फ्लॅटसाठी उघडणारं भोक मुळात सप्तक बदलण्यासाठी बारीक ठेवलेलं, त्यामुळे तो सूर सगळ्यांत दमेकरी. एम ३० वरही, बी ४० वरही. त्यावर उपाय बोटांचा आहे. ए किंवा बी फ्लॅट वाजवताना डाव्या हाताचं दुसरं-तिसरं आणि उजव्या हाताचं दुसरं-तिसरं भोक झाकून बघा. सूर किंचित उतरतो आणि त्याला अंग येतं. कुठली बोटं नेमकी लागू पडतील ते वाद्यागणिक बदलतं. माझ्या वाद्यावर बी फ्लॅटला उजव्या हाताची दोनच पुरतात, विद्यार्थ्याच्या वाद्यावर चारही लागतात. ट्यूनर समोर ठेवून अर्ध्या तासात तुमचं गणित सापडेल, तेही कूलर बंद न करता.